धसकटातले नऊ दिवस

सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी आमच्या घरातल्या बायकांच्या चपला माळ्यावर जातात. त्याआधी त्या घासून धुतल्या जातात, तुळशीजवळ उलट्या ठेवून निथळतात आणि मग एका पिशवीत घालून वर, कुरडयांच्या डब्यांमागे सरकवल्या जातात. दुसऱ्या दिवशी घट बसतात. दसऱ्याला आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली की पिशवी खाली येते. मधले नऊ दिवस बायका अनवाणी. पुरुषांच्या चपला दारात असतात तशाच असतात.

यंदाही पाऊस रेंगाळला आणि मग एका सकाळी निघून गेला. आता ऊन असं पडलंय की धुतलेली गोधडी दुपारपर्यंत कडक होते. भाद्रपद संपता संपता बायका दसरा काढतात. घरातलं अंथरूण-पांघरूण, पडदे, उशांचे अभ्रे, वर्षभर फडताळात पडून राहिलेली भांडी, सगळं बाहेर येतं, धुतलं जातं, वाळतं आणि आत जातं. गल्लीत सोड्याचा आणि ओल्या कापसाचा वास असतो. घराच्या मागच्या दारापासून आमचं रान सुरू होतं. तिकडून दुसरा वास येतो, पिवळ्या पडलेल्या सोयाबीनच्या पाल्याचा. वारा सुटला की वाळलेल्या शेंगा खुळखुळतात. हा आवाज ऐकून पूर्वी बरं वाटायचं.

हे अनवाणी राहणं घरात कधीपासून आहे, याची एकदा चौकशी केली होती. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे गुरांवर रोग आला तेव्हा त्यांच्या आईनं देवीला बोलून ठेवलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे गुरांचा काही संबंध नाही. आबाच लहानपणी तापानं फणफणले होते, ते उठावेत म्हणून बोललेलं. दोन्ही साक्षीदार एका घरात राहतात आणि आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे. यात एक अडचण आहे. आबांच्या आईच्या पायात वर्षभर काहीच नसायचं. गावातल्या बहुतेक बायकांच्या पायात नसायचं. जिला चप्पलच नाही, ती नऊ दिवस काय सोडणार? म्हणजे हा नेम चपलेपेक्षा जुना असू शकत नाही. हे आईला सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेपरात लिहून टाक. लय हुशार झालास."

सोयाबीन तर चपलेच्याही नंतरचं. आधी या दिवसांत रान मऊ असायचं. मूग आणि उडीद पोळ्याच्या आगेमागे निघून गेलेले असत, ज्वारी डोक्याच्या वर, कपाशीला पहिली बोंडं. काळी माती पावसानं दबलेली, पाय टाकला की टाचेचा ठसा स्वच्छ उमटायचा. मग सोयाबीन आलं आणि त्यानं सगळं रान घेतलं. ते कापताना विळा तिरका चालतो. जमिनीच्या वर चार बोटं खोड उरतं, तिरकं तासलेलं, आणि आश्विनाच्या उन्हात एका दिवसात वाळून खिळ्यासारखं होतं. हे धसकट. त्यानं ट्रॅक्टरच्या टायरला भोक पडलेलं गावानं पाहिलं आहे. सोयाबीनची कापणी आणि नवरात्र एकाच पंधरवड्यात येतात. यात कॅलेंडर छापणाऱ्याचा दोष नाही, देवीचा नाही, सोयाबीनचाही नाही.

काही वर्षांपूर्वी घट बसले त्याच दिवशी उघडीप मिळाली. सगळ्या गावाचं सोयाबीन एकदम तोंडाशी आलं आणि गावात कापायला माणूस मिळेना. दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, सोनपेठकडून एक टोळी गुत्त्यानं आणली. गुत्तं म्हणजे एवढं रान कापून द्यायचं, दिवस किती लागतात ते ज्याचं त्यानं बघायचं. टोळीत सगळ्या नवरा-बायकोच्या जोड्या होत्या. दसरा झाला की त्यांना ऊसतोडीला कारखान्यावर जायचं होतं, म्हणून त्यांना घाई आणि आम्हालाही घाई. आखाड्यावरच्या, म्हणजे रानातल्या गोठ्याजवळच्या, पत्र्याच्या खोलीत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. प्रत्येकाच्या पायात कापडी बूट, बायकांच्या हातांत जुने मोजे, बोटांची टोकं कापलेले.

टोळीतली चंद्रकला नावाची बाई सगळ्यांच्या पुढे कापत असे आणि कापता कापता बोलत असे. आई भाकरीचं टोपलं घेऊन अनवाणी रानात आली की तिला चेव यायचा.

"काकू, आमच्या पायात बूट अन् मालकीण बिगरचपलेची. बघणाऱ्याला वाटंल, आमीच मालक."

"घे की मालकी," आई म्हणाली. "संगं माझे गुडघे बी घे."

बाया हसल्या. चंद्रकलेनं खरोखरच एक बूट काढला आणि आईपुढं धरला. "घाला. देवीला मी सांगते. म्हणते, माय, बाई तुझी हाय, पण धसकट तुझं न्हाई."

"देवी ऐकंल गं," आई म्हणाली. "घरचे ऐकायचे न्हाईत."

हे थट्टेत झालं. आईनं बूट घेतला नाही आणि चंद्रकलेनं तो परत पायात घातला. भाकरी वाढून झाल्यावर आईनं घरी यायला हवं होतं, पण ती कापलेल्या रानात सरवा वेचत फिरे. गळून पडलेल्या शेंगा ओट्यात गोळा करायच्या, तोच सरवा. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मातीत पडलेली शेंग तिला बघवत नसे. वाकलेली आई, तिच्यामागं तशीच वाकून चालणारी तिची सावली, आणि दोघींच्या खाली सगळीकडे ती उभी टोकं. दुपारच्या उन्हात ती चमकत. लांबून रान सुरेख दिसायचं.

आईला साखर निघून तेव्हा काही वर्षं झाली होती. गोळी चालू होती. नवरात्रात गोळी चालते की नाही, यावर घरात वाद झाला नाही. उपाशीपोटी गोळी घेतली की चक्कर येई, म्हणून ती आपोआप बंद झाली. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा आणि गूळ हे मात्र चालू होतं, कारण ते उपासाचं होतं.

चौथ्या माळेच्या सकाळी शोभावहिनी घटासमोरची फरशी पुसत होती. वहिनीचं माहेर झरी. कामाला चलाख, बोलायला कमी. मागच्या दारापासून घटापर्यंत तिला फरशीवर तांबूस डाग दिसले, एका अंतरानं एक, सारख्या आकाराचे. तिनं ते पुसले. थोड्या वेळानं पुन्हा दिसले. घटाशी आई दिव्यात तेल घालत बसली होती.

"आत्याबाई, कुंकू सांडलं का कुटं?"

कुंकू नव्हतं. वहिनीनं आईचा उजवा पाय हातात घेऊन उलटा केला. अंगठ्याखालच्या मांसात धसकटाचा तुकडा रुतून काळा पडला होता. तो कधीचा होता, हे आईला सांगता येईना. तिला तो असल्याचंच माहीत नव्हतं.

"दुखंना तर," आई म्हणाली. "दुखलं असतं तर कळलं असतं की."

दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असं घरात सगळ्यांना वाटलं आणि बरं वाटलं. साखरेत पायाची जाणीव जाते आणि न दुखणं हीच वाईट खूण असते, हे कळायला अजून अवकाश होता. वहिनीनं सुईनं तुकडा काढला, हळद भरली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. चिंधीवर चप्पल घालता आली असती. तो विषय निघाला नाही. मानवतला जाऊन एक इंजेक्शन तरी घेऊन येऊ, एवढं वहिनी म्हणाली. आईचं म्हणणं, जिनं दिवा लावला तिनं घट उठल्याशिवाय गावाची शीव ओलांडायची नसते. आबांचं म्हणणं, राहिलेत किती दिवस, दसरा झाला की लगेच जाऊ. दादाचं म्हणणं, मळणीयंत्राचा नंबर लागलाय, तो सोडला तर कापून रचलेली गंजी उघड्यावर राहील आणि वर ढग दिसतायत. ढग खरोखरच दिसत होते. प्रत्येकाचं कारण खरं होतं. खोटं कारण एकही नव्हतं, म्हणून कुणाला खोडताही आलं नाही.

त्या दिवसांत मी परभणीत एका दैनिकात पानं लावत होतो. नवरात्रात रोज एक रंग ठरलेला असतो, आणि त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांचे फोटो आमच्याकडे येत. बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या, भिशी मंडळातल्या. फोटो फार आणि जागा थोडी, म्हणून ते कमरेपर्यंत कापून लावायची पद्धत होती. पाय कुणाचेच येत नसत.

सातव्या माळेला गावी गेलो. घटाच्या खोलीला एक ठरलेला वास असतो. ऊद, तेल, झेंडूची रोज एक वाढत जाणारी माळ, ओल्या मातीत दाटीनं उगवलेलं धान. लहानपणी या वासात शिरलं की परीक्षा झाली, सुटी लागली, असं वाटायचं. त्या दिवशी त्यात आणखी एक वास होता. तो सगळ्यांना येत होता. आबांनी खालच्या माळेतली कुजकी फुलं काढून टाकायला सांगितलं. वहिनी म्हणाली, माळ घट उठेपर्यंत काढत नसतात. म्हणजे वास फुलांचाच आहे, असं ठरलं. आई भिंतीला टेकून, पाय पदराखाली घेऊन बसली होती. चेहरा लाल होता. उपासानं तोंडावर तेज आलंय, असं शेजारची एक बाई म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मळणी उरकली. टोळी निघाली. टेम्पोत भांडी, बाजली, कोंबड्या, विळ्यांचं गाठोडं चढलं. चंद्रकला घरी निरोप घ्यायला आली. आईनं बसल्या जागी तिची ओटी भरली. उठत का नाही, असं चंद्रकलेनं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, पाय मुरगळलाय. चंद्रकला म्हणाली, तरी म्हणलं होतं बूट घाला, आणि हसून गेली. धुरळा खाली बसेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव सोनं द्यायला आलं. आपट्याचं पान हातावर ठेवायचं आणि वडीलधाऱ्यांच्या पायावर डोकं टेकवायचं. दिवे लागले होते, पोरींनी नवे कपडे घातले होते, अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. आई ओसरीवर बसून होती. नमस्काराला वाकणाऱ्या प्रत्येकापुढं ती डावा पाय पुढं करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परभणीला नेलं. डॉक्टर तरुण होता. चिंधी सोडल्यावर तो थोडा मागे सरला आणि इतके दिवस काय करत होता, असं त्यानं विचारलं. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. दादा म्हणाला, "सोयाबीन होतं, साहेब."

डॉक्टरनं मान हलवली. हे कारण त्याला नवीन नसावं. व्रताचं नाव दादानं काढलं नाही. बाहेर आल्यावरही नाही. आधी अंगठा काढला. मग काळेपणा वर सरकला तेव्हा अर्धं पाऊल काढलं. तोवर कोजागिरी झाली होती. कपाशी फुटून पांढरी पडली होती आणि वेचणीला बाई नव्हती. दिवाळीचं अभ्यंग कुणाचं झालं नाही. भेटायला येणारे सफरचंदं आणत आणि पलंगाच्या पायथ्याशी बघायचं टाळून बोलत. त्यातल्या एका मावशीनं पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं, की गुडघ्यापासून जायचं होतं, देवीनं अर्ध्या पावलावर थांबवलं. नऊ दिवस मोडले नाहीत म्हणून. आईनं ते ऐकलं, हात जोडले आणि ते तिचं झालं. पुढं जो भेटायला येई त्याला ती स्वतः तेच सांगे. त्या ऋतूनं तिला दिलेली तेवढी एकच गोष्ट तिच्याकडं होती. ती काढून घेण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

पुढच्या वर्षी अमावास्येला माळ्यावर एकच जोड गेला, वहिनीचा. आईच्या पायात आता परभणीहून करून आणलेला बूट होता, पुढच्या अर्ध्या भागात स्पंज भरलेला, वरून पट्टा. त्याच्याशिवाय तिला तोल धरता येत नाही. दोन पावलांत ती भिंत शोधते. ती त्याला डबा म्हणते. "शोभे, माझा डबा दे गं," असं सकाळी ऐकू आलं की घर जागं झालं. देवीनं सवलत दिलेल्या यादीत डबा बसला, कारण ती चप्पल नव्हे, तो पाय आहे, असं आबा म्हणाले. वहिनी मात्र दर वर्षी भाकरी घेऊन अनवाणी रानात जात राहिली. ती पाय उचलून, टाच आधी टेकवून चाले. लांबून तिची चाल लंगडी वाटे.

या उन्हाळ्यात आरोग्य केंद्राच्या बाईंनी ओसरीवर बसून सगळ्यांच्या बोटाला सुई टोचली. वहिनीला साखर निघाली. तिनं ते चार महिने मनात ठेवलं आणि पितृपक्षात, जेवणं चालू असताना, भाजी वाढता वाढता सांगितलं. यंदा माझ्याच्यानं अनवाणी जमायचं नाही, असंही सांगितलं. दादा म्हणाला, थोडीशीच हाय ना, गोळी घेतली की झालं. वहिनीनं भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

"मंग तुमी करा यंदा. व्रत घराचं हाय ना."

दादा हसला. "पाण्याच्या मोटारीच्या पेटीला हात लावावा लागतोय, ओल्यात. अनवाणी गेलो तर जाग्यावर चिकटंन."

हे खरं होतं. विजेचं कारण घरात सगळ्यांना लगेच पटलं. साखरेचं पटायला वेळ लागत होता. आबांचं वय झालेलं होतं. मी बाहेरगावी असतो, हे न विचारताच धरलं गेलं. गावातली पोरं नवरात्रात हौसेनं अनवाणी राहतात, पण ती मोटारसायकलवर असतात. आई जेवत होती.

अमावास्येला वहिनीनं चपला धुतल्या. तुळशीजवळ उलट्या ठेवल्या. संध्याकाळी त्या उचलून दारात, दादाच्या चपलांच्या शेजारी ठेवल्या. आईनं खुर्चीतून ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या रानातली माती आली, पत्रावळीवर पसरली, धान पेरलं गेलं, कलश ठेवला, विड्याची पानं, नारळ, पहिली माळ. आबांनी आरती म्हटली. आईनं दिवा लावला. वात नीट पेटल्याची खात्री करून ती खुर्चीत मागं टेकली, वाकली, बुटाचा पट्टा सोडला आणि बूट काढून भिंतीशी ठेवला.

"कुणाला तरी करावं लागंल," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, दुपारपर्यंत घालेल. तिनं घातला नाही. ती घटाच्या खोलीतून मोरीपर्यंत बसून सरकत जायची, दोन्ही तळहात फरशीवर टेकत. वहिनी धावून येई, काखेत हात घालून उचले. आई नको म्हणत नव्हती आणि ये असंही म्हणत नव्हती. तिनं कुणाला दोष दिला नाही, वहिनीला एक वाकडा शब्द बोलली नाही, उपासाचं जे पुढं येईल ते खाल्लं. वहिनी चपला घालून रानात जाई, बायांना भाकरी देई आणि घरी येऊन सासूला उचले. गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या की आधी घटाकडे, मग भिंतीशी ठेवलेल्या बुटाकडे, मग वहिनीच्या पायांकडे बघत.

परवा, तिसऱ्या माळेला, आईला अंघोळ घालताना वहिनीला दिसलं की अर्ध्या पावलाच्या टोकाची कातडी फरशीवर घासून सोलली आहे. तिनं आबांना, दादाला आणि नवरात्रासाठी आलेल्या मला बोलावलं. पाय उचलून दाखवला. कातडी लाल होती. आईला विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, न्हाई.

"डबा घाला, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "न्हाईतर उरलेलं बी जाईल."

आईनं ओला पदर खांद्यावर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुझी चप्पल राहू दे पायात. मी काय म्हणलं का तुला? फकस्त एक सांग. समज, तू चप्पल घालून नऊ दिवस फिरलीस, अन् काहीच झालं न्हाई. लेकरं धड, माणूस धड, रान धड. मंग माझा पाय कशापायी गेला?"

शेजारच्या रानात मळणीयंत्र चालू होतं. त्याचा आवाज घरात भरून राहिला. प्रश्नाला उत्तर होतं आणि ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाय कशासाठीच गेला नव्हता. एक धसकट लागलं होतं आणि आम्ही थांबलो होतो. एवढंच. ते तिला सांगायचं म्हणजे अर्ध्या पावलावर थांबवणारी देवी नेऊन तिथं आम्हाला उभं करायचं. आबा वात सारायला गेले. ती नीट जळत होती. दादानं यंत्राचा नंबर कधी लागतो ते बघून येतो, असं म्हणून चपला घातल्या.

वहिनीनं आईचा पाय टॉवेलनं टिपला, मलम लावलं, स्वच्छ फडकं गुंडाळलं. भिंतीशी ठेवलेला बूट आणला, त्यात पाय सरकवला आणि पट्टा लावला. आईनं लावू दिला. मग वहिनी दारात गेली, आपल्या चपला उचलल्या, पिशवीत घातल्या आणि स्टुलावर चढून पिशवी माळ्यावर सरकवली. खाली उतरून तिनं टोपल्यात भाकरी मोजल्या, वर फडकं टाकलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

आई उठली. भिंत धरत, बूट आपटत, तीन दिवसांनी स्वतःच्या पायांनी ती मागच्या दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर ऊन लखलखत होतं. अर्धं रान कापून झालं होतं. पलीकडच्या टोकाला बाया वाकलेल्या दिसत होत्या. वहिनी बांधावर पोचली होती.

"शोभे," आईनं हाक मारली. "बांधाबांधानं जा गं. रानात शिरू नको."

वहिनी थांबली. डोक्यावरच्या टोपल्यामुळं तिला मान वळवता येत नव्हती.

"बाया रानात हायेत, आत्याबाई," ती म्हणाली. "बांधावर न्हाईत."